घड्याळाची मशिन्स आणि सुटे भाग: आयात-निर्यातीत नव्याने उतरणाऱ्यांसाठी

या व्यापारात नवख्याचं सगळ्यात मोठं नुकसान मापामुळे होतं. दोन हजार मशिन्स येतात, सगळी टिकटिकतात, पण काटे जिच्यावर बसतात ती दांडी तबकडीच्या जाडीपेक्षा दोन मिलिमीटर आखूड निघते. असा माल परत पाठवायचा तर भाडं आणि कागदपत्रांचा खर्च बऱ्याचदा मालाच्या किमतीपेक्षाही जास्त होतो. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये माप आधी आहे, भाव बराच नंतर.

पायरी १: कोणत्या मालात उतरायचं ते ठरवा

सोयीसाठी तीन गट धरा. पहिला गट क्वार्ट्झ मशीनचा, म्हणजे सेलवर चालणारी, प्लॅस्टिकच्या चौकोनी डबीतली मशिन्स. दुसरा किल्लीच्या किंवा वजनांच्या यांत्रिक मशीनचा. तिसरा सुट्या भागांचा: काटे, तबकड्या, लंबक, स्प्रिंगा, बुश (चाकांच्या आसाची टोकं ज्यांत फिरतात त्या कड्या), काचा, केस.

क्वार्ट्झमध्ये सर्वात मोठा पुरवठा चीनमधून होतो आणि तिथला फुजियान प्रांत भिंतीवरच्या घड्याळांसाठी ओळखला जातो. त्याच्या वरच्या दर्जात सेइको आणि रिदम ही जपानी नावं आहेत. यांत्रिक मशीनचा विषय निघाला की जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टच्या आसपासचा पट्टा येतो. गोसहाइममधली हर्मले कंपनी १९२२ सालची आहे. दुरुस्तीची हत्यारं आणि बुशिंगसाठी स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्लची बर्जों कंपनी कारागिरांना माहीत असते.

सुरुवात क्वार्ट्झ मशीन आणि काट्यांपासून करावी. मापं मोजकी असतात, नमुना स्वस्तात मिळतो आणि चूक झाली तरी तोटा आवाक्यात राहतो. यांत्रिक माल दुरुस्ती कारागिरांचं गिऱ्हाईक हाताशी असल्याशिवाय साठवू नये, कारण एकेका नंबरचं मशीन वर्षानुवर्षं कपाटात पडून राहतं.

पायरी २: क्वार्ट्झ मशीनची मापं

सर्वसाधारण मशीनची डबी साधारण ५६ × ५६ मिमी असते आणि जाडी १५-१६ मिमी. डबीच्या मापात फारसे घोटाळे होत नाहीत. घोटाळा होतो तो मधून वर येणाऱ्या दांडीच्या मापात.

दांडीला दोन लांब्या असतात. एक फक्त आटे असलेल्या नळीची, दुसरी टोकापर्यंतची एकूण. एक विक्रेता ‘१२ मिमी’ म्हणतो तेव्हा त्याला आट्यांचा भाग म्हणायचा असतो, दुसरा त्याच आकड्यात एकूण उंची सांगतो. ऑर्डरमध्ये दोन्ही आकडे वेगवेगळे लिहा आणि सोबत मापं टाकलेलं चित्र मागा.

आट्यांच्या भागाची लांबी अशी काढा. तबकडी ६ मिमी जाड आहे. मशीन आणि तबकडीच्या मधलं रबरी वॉशर दाबल्यावर १ मिमी, पुढचं पितळी वॉशर अर्धा मिमी, नट २ मिमी. बेरीज साडेनऊ, म्हणून १० मिमी आटे मागवा. ‘लांब असलेली बरी’ असं समजून १६ मिमीची घेऊ नका. काटे तबकडीपासून उगाच लांब जातात आणि पुढे काच असेल तर सेकंद काट्याची टोपी तिला घासते. तबकडीला मागून खाच असेल तर जाडी खाचेच्या तळाशी मोजायची, कडेला नाही.

नळीचा बाहेरचा व्यास बहुतेक मशीनमध्ये ८ मिमीच्या आसपास असतो, पण मोठ्या काट्यांच्या मशीनची नळी जाड असू शकते. तबकडीचं भोक पाडून झाल्यावर हे कळलं तर सगळ्या तबकड्या पुन्हा मशीनवर चढवाव्या लागतात.

काटे बसवण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. एकीत मिनिट काट्याचं भोक गोल असतं आणि काटा दाबून बसतो. दुसरीत भोक दोन बाजूंनी चपटं असतं आणि काट्यावर छोटा नट येतो. दोन्ही पद्धतींचे काटे दिसायला जवळजवळ सारखे असतात, एकमेकांच्या मशीनवर मात्र बसत नाहीत. म्हणून पहिल्या ऑर्डरला मशीन आणि काटे एकाच पुरवठादाराकडून घ्या. पुढे काटे वेगळीकडून घेणार असाल तर त्या पुरवठादाराला तुमचं मशीन प्रत्यक्ष पाठवा, नुसता फोटो नको.

मिनिट काटा १५ सेंमीच्या पुढे गेला, किंवा लाकडाचा वा जाड पत्र्याचा असला, की हाय-टॉर्क, म्हणजे काटे जास्त जोराने फिरवणारं मशीन लागतं. साध्या मशीनला जड काटा लावला की ते टेबलावर आडवं असताना चालतं, पण भिंतीवर पावणेनऊच्या आसपास अडकतं. त्या वेळी मिनिट काटा डावीकडून वर चढत असतो आणि त्याचं सगळं वजन मोटरवर येतं. म्हणून नमुना तपासायचा तो उभा, खरे काटे लावून.

सेकंद काटा टकटक करत पुढे जातो की सरकत जातो, हेही लिहा. सरकणारं मशीन आवाज कमी करतं, पण वीज जास्त खातं. हिशोब सोपा आहे: साध्या एए सेलमध्ये साधारण २००० मिलिअँपिअर-तास धरले आणि मशीन सरासरी १०० मायक्रोअँपिअर घेत असेल तर २०,००० तास, म्हणजे सव्वादोन वर्षांहून थोडं जास्त. पुरवठादाराने ‘सेल दोन वर्षं चालतो’ असं सांगितलं तर सरासरी करंटचा आकडा मागा आणि हा भागाकार स्वतः करून पाहा.

वेळेच्या अचूकतेसाठीही आकडा लिहून घ्या. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या १५ वेळा निम्मी केली की सेकंदाला एक ठोका मिळतो. स्फटिकात दहा लाखांत २० भाग इतका फरक असेल तर दिवसाला १.७ सेकंद, महिन्याला सुमारे ५२ सेकंद चूक होते. ‘महिन्याला एक मिनिट’ ही अट घालून तुम्ही फार काही मागत नाही.

रेडिओवर चालणारी मशिन्स: इथे देश महत्त्वाचा

स्वतःहून वेळ जुळवून घेणारं मशीन मागवताना कोणत्या केंद्राचा संकेत पकडायचा, हे ऑर्डरवर लिहावंच लागतं. जर्मनीतल्या माइनफ्लिंगेनहून डीसीएफ७७ हा संकेत ७७.५ किलोहर्ट्झवर येतो. ब्रिटनमधलं एमएसएफ ॲन्थॉर्नहून ६० किलोहर्ट्झवर आहे, अमेरिकेचं डब्ल्यूडब्ल्यूव्हीबी फोर्ट कॉलिन्सहून, तेही ६०वरच. जपानचं जेजेवाय ४० आणि ६० अशा दोन लहरींवर आहे, चीनचं बीपीसी ६८.५वर. ब्रिटन आणि अमेरिकेची लहर एकच असली तरी वेळ सांगायची सांकेतिक पद्धत वेगळी आहे, त्यामुळे ब्रिटनसाठी बनवलेलं मशीन अमेरिकेत आपोआप वेळ लावून घेत नाही. ज्या प्रदेशात यातला कोणताच संकेत नीट पोहोचत नाही, तिथे हे मशीन विकणं म्हणजे महागडं साधं मशीन विकणं. वर तक्रारी वेगळ्या.

पायरी ३: यांत्रिक मशीन आणि स्प्रिंगा

यांत्रिक मशीनची ओळख मागच्या पत्र्यावर असते: कंपनीचा शिक्का, मॉडेलचा नंबर, बऱ्याचदा लंबकाची लांबी. गिऱ्हाईकाकडून त्या पत्र्याचा सरळ समोरून काढलेला फोटो घ्या आणि नंबर जसाच्या तसा, मधल्या रेघेसकट, ऑर्डरमध्ये उतरवा. एकाच मूळ नंबरची मशिन्स लंबकाच्या लांबीनुसार वेगवेगळी येतात. लंबकाच्या झोक्याचा काळ लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. लांबीत एक टक्का वाढ म्हणजे दिवसाला सात मिनिटं मागे. लंबकाखालच्या नटने थोडाफार फरक भरून निघतो, पण ३५ सेंमीच्या मशीनला ४५ सेंमीचा लंबक कोणत्याही नटने जुळणार नाही.

मुख्य स्प्रिंग, म्हणजे किल्ली देतो ती, मागवताना पाच गोष्टी लागतात: पट्टीची रुंदी, जाडी, लांबी, बॅरलचा (स्प्रिंग जिच्यात गुंडाळलेली असते त्या डबीचा) आतला व्यास, आणि टोक कसं आहे (भोकाचं की वळवलेल्या फासाचं). यातली जाडी सर्वात नाजूक. स्प्रिंगचा जोर रुंदीच्या सरळ प्रमाणात वाढतो, जाडीच्या मात्र घनाच्या प्रमाणात. ०.४० मिमीच्या जागी ०.४५ची स्प्रिंग बसवली की जोर सुमारे ४२ टक्क्यांनी वाढतो. घड्याळ काही दिवस जोमाने चालतं, मग चाकांची टोकं बुशमध्ये झिजू लागतात. वर जाड पट्टीचे वेढे बॅरलमध्ये कमी बसतात, त्यामुळे आठ दिवसांचं घड्याळ सहाव्या दिवशीच थांबतं. जाडी व्हर्निअरने मोजू नका, मायक्रोमीटर वापरा, आणि पट्टीवर तीन-चार ठिकाणी मोजा. वापरलेली पट्टी वाकलेली असते आणि तिच्यावर तेलाचा थर असतो, तो आधी पुसा.

गुंडाळलेली स्प्रिंग तारेने किंवा कड्याने बांधूनच पाठवायची. बांध सुटला तर ती हात कापते. खोक्यावर तसा इशारा लिहा.

पायरी ४: एचएस कोड

एचएस कोड म्हणजे सीमाशुल्कासाठी मालाच्या प्रकाराला दिलेला आंतरराष्ट्रीय आकडा. त्यात घड्याळांचा अध्याय ९१वा. नवख्याने निदान एवढे आकडे पाठ ठेवावेत: भिंतीवरची, टेबलावरची, गजराची तयार घड्याळं ९१०५, घड्याळाची पूर्ण जोडलेली मशिन्स ९१०९, न जोडलेली किंवा अर्धवट मशिन्स ९११०, घड्याळाच्या केस ९११२, बाकीचे भाग ९११४. या शेवटच्यात तबकड्या ९११४.३०, पत्रे आणि ब्रिज ९११४.४०, काटे वगैरे ९११४.९०. स्प्रिंगांचा ९११४.१० हा उपकोड २०२२च्या आवृत्तीत काढून टाकला, त्याही आता ९११४.९०मध्ये जातात. जुन्या बिलावरून कोड उतरवणारे इथे हमखास अडकतात.

मशीन मनगटी मानायचं की भिंतीचं, याची सीमा मापाने आखलेली आहे. जाडी १२ मिमीपर्यंत आणि रुंदी, लांबी किंवा व्यास ५० मिमीपर्यंत असेल तर ते ९१०८, म्हणजे मनगटी घड्याळाचं मशीन. भले ते टेबलावरच्या छोट्या घड्याळात बसणार असो. ५६ मिमीची नेहमीची डबी या सीमेच्या बाहेर आहे.

घड्याळाचा प्रत्येक भाग या अध्यायात येत नाही. काच ७०१५मध्ये जाते. सेल ८५०६मध्ये. वजनं ज्या धातूची त्या धातूच्या अध्यायात. साधे स्क्रू लोखंडाच्या किंवा पितळेच्या सामानात. सुटा क्वार्ट्झ स्फटिक ८५४१मध्ये. ‘क्लॉक पार्ट्स’ एवढंच लिहून सगळं एका ओळीत घातलं की अधिकारी खोकी उघडणार, हे धरून चाला.

आणखी एक खाच आहे. एकाच खेपेत ५०० मशिन्स, ५०० तबकड्या, काट्यांचे ५०० संच आणि ५०० केस आल्या तर वर्गीकरणाच्या सर्वसाधारण नियम २(अ)नुसार ती सुटी करून आणलेली तयार घड्याळं मानली जाऊ शकतात आणि तयार घड्याळाचा दर लागू शकतो. कधी तो कमी असतो, कधी जास्त. दोन्ही हिशोब आधी करा आणि शंका असेल तर ज्या देशात माल उतरणार तिथल्या सीमाशुल्क विभागाकडून आगाऊ निर्णय लेखी घ्या.

पायरी ५: नमुना, ऑर्डर, भाव

नमुने किमान दहा मागवा. एका नमुन्यावरून काहीच कळत नाही, तो निवडूनच पाठवलेला असतो. दहापैकी पास झालेले दोन वेगळे काढा, त्यांवर दोन्ही बाजूंच्या सह्या करून एक तुमच्याकडे आणि एक पुरवठादाराकडे सीलबंद ठेवा. पुढे वाद झाला तर बोट ठेवायला हाच नमुना.

ऑर्डरच्या कागदावर आट्यांची लांबी, एकूण उंची, काट्यांची पद्धत, चाल, टॉर्क, करंट, अचूकता, किती व्होल्टपर्यंत चालायला हवं, कोणते नट-वॉशर सोबत, हे सगळं आकड्यांत लिहा. ‘नेहमीसारखं’ हा शब्द कुठेही नको. काटे आणि नट दोन टक्के जास्त मागवा, कारण बसवताना ते वाकतातच. फुकट दिलेला जादा मालही बिलावर किमतीसह दाखवावा लागतो, शून्य किंमत चालत नाही. तबकडीच्या साच्याचे पैसे कारखान्याला वेगळे दिले असतील तर तेही मालाच्या सीमाशुल्क मूल्यात धरले जातात.

भावाबरोबर व्यवहाराची अट ठरवा. कंटेनरच्या मालाला एफओबीपेक्षा (माल जहाजावर चढेपर्यंत जबाबदारी विक्रेत्याची) एफसीए (ठरलेल्या जागी वाहतूकदाराच्या ताब्यात देईपर्यंत) ही अट जास्त योग्य, कारण माल जहाजावर नाही, टर्मिनलवर दिला जातो. थोड्या मालाला पुरवठादार सीआयएफचा, म्हणजे विमा आणि बंदरापर्यंतचं भाडं धरून, गोड भाव देतात. मग उतरण्याच्या बंदरातले हाताळणीचे खर्च तुमच्या माथी येतात आणि ते कुठल्या दराने लागतील ते आधी कोणी सांगत नाही.

पैसे बहुधा तीस टक्के आगाऊ आणि सत्तर टक्के माल निघण्याआधी असे जातात. सत्तर टक्के तपासणीचा अहवाल हातात पडल्यावरच सोडा. लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे कागदपत्रं दाखवल्यावर पैसे देण्याची बँकेची हमी, मोठ्या ऑर्डरला ठीक, पण एक लक्षात घ्या: बँक फक्त कागद पाहते, खोक्यात काय आहे ते नाही. आणि मधेच ‘आमचं बँक खातं बदललं’ असा ईमेल आला तर आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय एक पैसा पाठवू नका.

पायरी ६: माल निघण्याआधीची तपासणी

सगळी मशिन्स तपासणं शक्य नसतं, म्हणून किती नग काढून तपासायचे हे सांगणारा आयएसओ २८५९-१ या मानकाचा तक्ता वापरतात. ५००० मशीनच्या खेपेसाठी साधारण तपासणीच्या दुसऱ्या पातळीवर २०० नग काढायचे. मोठ्या दोषांसाठी तक्त्यातली २.५ ही मर्यादा (एक्यूएल) ठेवली तर १० दोषींपर्यंत खेप मान्य, ११व्याला नामंजूर. बंद पडणारं मशीन हा दोष १.० या मर्यादेत टाका: तिथे ५पर्यंत मान्य, ६ला परत. नग पुरवठादाराने काढून द्यायचे नाहीत. खोकी तपासणाऱ्याने निवडायची, खालच्या थरातलीही.

काढलेल्या नगांना खरे काटे लावून, उभे टांगून, निदान ७२ तास चालवा. त्यातली काही १.५ऐवजी सुमारे १.२५ व्होल्टवर चालवून पाहा. सेल उतरत आल्यावर मशीन कसं वागेल हे तिथेच दिसतं. वेळ लावायची चकती फिरवताना काटे घसरतात का, गजर असेल तर तो लावलेल्या वेळेपासून किती मिनिटं इकडेतिकडे वाजतो, नट घट्ट करताना नळीचे आटे सुटतात का, हेही पाहा. प्लॅस्टिकच्या नळीचे आटे सुटणं हा स्वस्त मशीनचा जुना रोग आहे.

पायरी ७: बांधणी आणि अडणारा माल

मशिन्स सेल न घालता पाठवा. पोलादी आणि पितळी भागांना गंजरोधक कागद आणि सिलिका जेल घाला, कारण समुद्रप्रवासात कंटेनरच्या आत छतावरून अक्षरशः पाणी ठिबकतं. काटे सपाट, थरांमध्ये कागद घालून. कुरिअरचं भाडं बहुधा लांबी × रुंदी × उंची सेंमीत गुणून ५०००ने भागून येणाऱ्या वजनावर किंवा खऱ्या वजनावर, जे जास्त असेल त्यावर लागतं. मशीनला खरं वजन भारी पडतं, रिकाम्या केसला आकारमान. केस शक्यतो सुट्या फळ्यांत मागवा. अखंड लाकडाच्या पेट्या आणि पॅलेटवर आयएसपीएम १५ या कीड रोखण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा शिक्का हवा, म्हणजे लाकूड बहुधा गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं असतं. प्लायवुडला तो लागत नाही.

जुन्या मालात धोका जास्त. १९६०च्या दशकापर्यंतच्या चमकणाऱ्या काट्या-तबकड्यांत रेडियम असू शकतं. चमक गेली म्हणजे रेडियम गेलं असं नव्हे. त्यातला झिंक सल्फाइड थकतो, रेडियमचा अर्धायुकाळ मात्र १६०० वर्षांच्या आसपास आहे. असा माल खरवडू नका, साध्या पार्सलमध्ये तर अजिबात टाकू नका. काही जुन्या लंबकांत पाऱ्याच्या नळ्या असतात. पारा धोकादायक माल म्हणून यूएन २८०९ या नंबराखाली जातो, विमानकंपन्या तो सहसा घेत नाहीत. हस्तिदंताच्या मुठी आणि काही रोजवूडच्या केस यांना साइटिस (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) परवाना लागतो.

पायरी ८: ज्या देशात विकणार तिथले नियम

अमेरिकेत घड्याळाच्या मशीनवर, पुढच्या किंवा मागच्या पत्र्याच्या सर्वात दिसणाऱ्या भागावर, बनवलेल्या देशाचं नाव, उत्पादकाचं किंवा खरेदीदाराचं नाव आणि असतील तर ज्वेलची (घर्षण कमी करणाऱ्या खड्यांची) संख्या लिहिलेली हवी. केसवरही मूळ देश लागतो. ही खूण कोरलेली, ठोकलेली, साच्यातून उमटवलेली किंवा न पुसणाऱ्या शाईची असावी. कागदी लेबल चालत नाही. साचा बनवतानाच ही अक्षरं त्यात घालून घ्यायला सांगा, नंतर प्रत्येक नगावर ठोकत बसणं परवडत नाही. युरोपीय संघात सेलवरच्या घड्याळाला आरओएचएसचे, म्हणजे विद्युत उपकरणांतल्या घातक पदार्थांवरच्या मर्यादेचे नियम लागू होतात. शिशाची मर्यादा ०.१ टक्का आहे, पितळासारख्या तांब्याच्या मिश्रधातूंना वेगळी सवलत आहे, पण तिच्या अटी आणि मुदत ऑर्डर देताना पुन्हा तपासून पाहा.

माल हातात आला की खोकी उघडण्याआधी सील, ओलाव्याचे डाग आणि दबलेले कोपरे यांचे फोटो काढा, कारण विम्याच्या दाव्याची मुदत तेव्हापासून मोजायला लागते. मग सीलबंद नमुना शेजारी ठेवून, प्रत्येक खोक्यातल्या दोन मशीनची दांडी मोजून घ्या, आणि ते आकडे पुरवठादाराला पहिल्याच आठवड्यात लेखी कळवा.